36 शिपायांची बटालियन: आधी आघाडीची रुंदी काढा

तुमच्याकडे टेबलावरच्या युद्धखेळासाठी 1809 च्या, म्हणजे नेपोलियनच्या, फ्रेंच पायदळाचे 28 मिमीचे 36 छोटे शिपाई आहेत. एका चित्रात कॉलम (कंपन्या एकामागे एक उभ्या असलेली रचना) रुंद ठोकळ्यासारखा दिसतो, दुसऱ्यात चिंचोळा, त्यामुळे शिपाई बेसवर, म्हणजे पायाखालच्या पट्टीवर, कसे चिकटवायचे हा तुमचा प्रश्न. दोन्ही चित्रं बरोबर असू शकतात. त्यामागचं कारण सविस्तर सांगतो, कारण ते कळलं की पुढची फौज तुम्हाला कोणाला न विचारता मांडता येईल.

शोधाची सुरुवात चित्रांपासून करू नका. नेपोलियनच्या लढायांची कितीतरी गाजलेली चित्रं लढाईनंतर अनेक दशकांनी काढलेली आहेत, आणि चित्रकार चौकटीत मावेल तेवढीच रांग दाखवतो. रचनेसाठी दोन कागद लागतात: कवायतीचं नियमपुस्तक आणि त्या वर्षीची संघटना ठरवणारा हुकूम. फ्रेंचांसाठी हे म्हणजे 1 ऑगस्ट 1791 चं नियमपुस्तक आणि 18 फेब्रुवारी 1808 चा हुकूम. फ्रेंच येत नसलं तरी नियमपुस्तकातल्या आकृत्या नीट समजतात.

1808 च्या हुकुमाने बटालियन 6 कंपन्यांची झाली: 4 फ्युझिलियर (साधं पायदळ), 1 ग्रेनेडियर (निवडक धिप्पाड शिपाई), 1 व्होल्टिझर (निवडक चपळ शिपाई). कंपनी कागदावर 140 जणांची. ओळीत, म्हणजे सगळ्या कंपन्या शेजारी-शेजारी असताना, ग्रेनेडियर उजव्या टोकाला आणि व्होल्टिझर डाव्या टोकाला. त्याआधी बटालियनमध्ये 9 कंपन्या असायच्या, म्हणून 1805 च्या ऑस्टरलिट्झच्या लढाईतली बटालियन आणि 1809 च्या वाग्रामच्या लढाईतली बटालियन एकाच साच्यात बसवता येत नाही. वर्ष आधी ठरवा, मग चिकटवा.

आता तुमचा हिशोब. टेबलावरचा एक शिपाई म्हणजे 20 खरी माणसं धरली तर 36 शिपाई म्हणजे 720, कंपनीमागे 120. लढाईपर्यंत आजारी, जखमी आणि मागे राहिलेले वजा होतात, त्यामुळे कागदावरच्या 840 पेक्षा (6 कंपन्या, प्रत्येकी 140) हा आकडा वास्तवाला जवळचा आहे. तीन रांगांत 120 म्हणजे आघाडीला 40 माणसं. खांद्याला खांदा लावून उभ्या माणसाला साधारण 60 ते 65 सेंटीमीटर लागतात, म्हणजे कंपनीची आघाडी 25 मीटर आणि अख्ख्या ओळीची 150 मीटर. प्रत्येक कंपनीला 60 बाय 40 मिमीचा एक बेस द्या, त्यावर पुढे 3 आणि मागे 3 शिपाई. सहा बेस शेजारी ठेवले की 360 मिमीची ओळ होते. म्हणजे टेबलावरचे 240 मिमी हे मैदानावरचे 100 मीटर, आणि मस्केटचा, म्हणजे त्या काळच्या पायदळी बंदुकीचा, खरा उपयोग साधारण तेवढ्याच अंतरात होता.

खोलीचा हिशोब मात्र जुळणार नाही. तीन रांगा प्रत्यक्षात दोन-तीन मीटर खोल, तुमचा बेस या मापाने जवळजवळ 17 मीटर खोल. हे मान्य करून पुढे जा. आघाडीची रुंदी बरोबर असली की किती बटालियन शेजारी मावतात, कोण कोणाच्या बगलेत शिरतं, हे सगळं आपोआप बरोबर येतं.

कॉलमची गंमत इथेच आहे. सहाही कंपन्या हजर असतील तर बटालियनने दोन-दोन कंपन्यांच्या जोड्यांनी चालायचं, असं 1808 चा हुकूम सांगतो. म्हणजे दोन बेस रुंद, तीन बेस खोल. ग्रेनेडियर आणि व्होल्टिझर दुसरीकडे पाठवले असतील तर एकेका कंपनीने चालायचं: एक बेस रुंद, चार बेस खोल. तुमचं चिंचोळं चित्र बहुधा हेच. पूर्ण बटालियनचा कॉलम जोड्या जवळजवळ आणून घट्ट केला तर मैदानावर 50 मीटर रुंद आणि खोली त्याच्या निम्म्याहूनही कमी. जोड्यांमध्ये एका कंपनीच्या आघाडीइतकं अंतर सोडलं तर रुंदी आणि खोली जवळपास सारखी होते. टेबलावर तुमचे सहा बेस 120 बाय 120 चा चौरस करतात, म्हणजे दुसऱ्या प्रकाराला फारच छान जुळतात. घोडदळाविरुद्धचा चौकोन, म्हणजे चारही बाजूंना तोंड केलेली रचना, मी चार बाजूंना 2-1-2-1 असे बेस फिरवून दाखवतो, तेवढं पुरतं.

समोर ब्रिटिश येणार असतील तर लक्ष द्या. ते दोन रांगांत लढत आणि माणसामागे 22 इंच, म्हणजे 56 सेंटीमीटर, धरत. त्यांच्या 600 माणसांची ओळ 168 मीटर भरते, म्हणजे तुमच्या 720 फ्रेंचांपेक्षा लांब. तेच 60 मिमीचे बेस वापरले तर त्यांचे 30 शिपाई 300 मिमीतच संपतात आणि त्यांची खरी ताकद, म्हणजे एकाच वेळी झाडणाऱ्या बंदुकांची संख्या, टेबलावर दिसतच नाही. त्यांना 80 मिमी रुंद बेस द्या, तेवढेच सहा-सहा शिपाई जरा मोकळे. पाच बेस, 400 मिमी.

नियमपुस्तक वाचल्यावर त्या विशिष्ट लढाईची वर्णनंही वाचा, कारण सेनापती नियम वाकवत. लाइपझिगच्या लढाईच्या तोंडावर, ऑक्टोबर 1813 मध्ये, नेपोलियनने स्वतःच पायदळाला दोन रांगांत उभं राहायचा हुकूम दिला. वॉटर्लूला फ्रेंच सेनापती देर्लोंच्या कोअरमधल्या (अनेक डिव्हिजनच्या मोठ्या गटातल्या) काही डिव्हिजन तर ओळीत पसरलेल्या बटालियन एकामागे एक लावून पुढे आल्या, आणि ब्रिटिश घोडदळ आल्यावर त्या गर्दीतून चौकोन करणं जमलं नाही. हजेरीचे आकडे मिळाले तर लढाईच्या दिवसाच्या सर्वात जवळचे घ्या.

चिकटवण्याआधी शेवटची गोष्ट: 1808 नंतर गरुड, म्हणजे काठीवरचं गरुडाचं मानचिन्ह, रेजिमेंटला (अनेक बटालियनच्या पलटणीला) एकच, आणि तो पहिल्या बटालियनकडे. दुसरी बटालियन करणार असाल तर तिच्या मधल्या बेसवर गरुड लावू नका. आणि ग्रेनेडियर, व्होल्टिझर यांचे बेस सुटे ठेवा, म्हणजे ते काढून घेऊन चिंचोळा कॉलमही करता येईल.