मुलीला त्या डेस्कवरून उठवू नका

कागलहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बीएस्सी झूलॉजी, त्याआधी दोनदा नीट दिलेली. गेलं वर्षभर कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात टीपीए डेस्कवर, म्हणजे पेशंटच्या विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या काउंटरवर, कामाला आहे. वडिलांच्या मते हे 'काउंटरवरचं काम', स्थळांना सांगायला कमीपणाचं. एका क्लासवाल्यानं त्यांना सांगितलंय की सत्तर हजारांत मेडिकल बिलिंग-कोडिंग शिका, नोकरीची शंभर टक्के हमी आणि कामही घरबसल्या. मुलीनं लगेच राजीनामा द्यावा असं त्यांचं म्हणणं. पुण्याला मात्र पाठवणार नाही. 'ती म्हणते, अजून सहा महिने इथंच काढते, मग ठरवते. ही टाळाटाळ किती दिवस सहन करायची?'

नमस्कार.

तुमच्या पत्रात कोर्सबद्दल चार ओळी आहेत आणि नीटबद्दल दीड पान. क्लासची फी, हॉस्टेलचा खर्च, शेजारच्या मुलीचा मिरजेच्या मेडिकल कॉलेजला लागलेला नंबर, सगळं अजून तारीखवार तुमच्या लक्षात आहे. मुलीला काय जमतं, काय आवडतं याबद्दल मात्र एक ओळ नाही. मी स्पष्टच लिहितो. नीटला मार्क कमी पडले ही काही तिनं तुमच्याकडून घेतलेली उधारी नव्हे, की आता तिच्या प्रत्येक निर्णयातून ती वसूल करावी. 'डॉक्टर नाही तर निदान मेडिकल लाइन' हे वाक्य तुम्ही तिच्यासमोर किती वेळा बोलला असाल याची मला काळजी वाटते. एवढं ऐकूनही ही मुलगी स्वतः जाऊन हॉस्पिटलात नोकरी मिळवते, वर्षभर टिकवते आणि 'सहा महिने थांबा' असं शांतपणे सांगते. ह्याला टाळाटाळ म्हणत नाहीत. तुमच्या घरात या विषयावर विचार करून बोलणारी तीच एक दिसते.

त्या डेस्कवर ती काय करते, कधी जाऊन बघितलंत का? पेशंट दाखल झाला की प्री-ऑथ, म्हणजे खर्चाच्या आगाऊ मंजुरीची मागणी, विमा कंपनीला पाठवायचं. विमा कंपनीची क्वेरी आली की डॉक्टरांच्या मागं लागून उत्तर मिळवायचं. खर्च वाढला की पुन्हा मंजुरी मागायची. डिस्चार्जच्या दिवशी फायनल अप्रूव्हल येईपर्यंत नातेवाइकांचा वैताग झेलायचा आणि हातमोज्यांचे पैसे का कापले हेही त्यांना नीट समजावून सांगायचं. अहो, हेच मेडिकल बिलिंग! फरक एवढाच की हे इथल्या विम्याचं आहे आणि क्लासात शिकवतील ते अमेरिकेतल्या विम्याचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे क्लेमही ठरलेल्या पॅकेजच्या कोडवरच चालतात. म्हणजे हे काम नीट येणाऱ्या माणसाला कोल्हापुरातही जागा आहे.

आता 'घरबसल्या' या कल्पनेबद्दल, कारण तुमचा सगळा बेत त्या कल्पनेवरच उभा आहे. कोडर डॉक्टरांच्या नोंदी वाचतो आणि आजाराला, उपचाराला नेमका कोड लावतो. तिकडच्या पद्धतीत एस५२.५०१ए म्हणजे उजव्या मनगटाजवळचं हाड मोडलंय, जखम उघडी नाही आणि मुख्य उपचार सुरू आहेत. डाव्या हाताला ५०१ च्या जागी ५०२. हाड सांधायला लागल्यावर तोच पेशंट तपासणीला आला तर शेवटी 'ए' जाऊन 'डी' येतो. एक अक्षर चुकलं तरी क्लेम परत येऊ शकतो. म्हणून नव्या माणसानं कोड केलेले चार्ट, म्हणजे पेशंटच्या फायली, ऑडिटर तपासतो, रोजचं टार्गेट असतं आणि अचूकता साधारण ९५ टक्क्यांच्या वर लागते. शिवाय ती परक्या रुग्णाची खासगी माहिती, तिला अमेरिकेत १९९६ च्या हिपा कायद्याचं संरक्षण आहे. त्यामुळं फ्रेशरला कंपन्या बहुधा ऑफिसातच बसवतात. घरून काम मिळालंच तर अनुभव आल्यावर. ही ऑफिसं चेन्नई, हैदराबादला आणि आपल्याकडे पुणे, नवी मुंबईत. बिलिंगमधल्या एआर कॉलिंगला, म्हणजे अडकलेल्या बिलांसाठी तिकडच्या विमा कंपन्यांना फोन करण्याच्या कामाला, तर अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रपाळी असते. तेव्हा 'पुण्याला पाठवणार नाही' आणि 'कोडिंगच कर' या दोन अटी एकत्र घालून तुम्ही तिची वाट दोन्हीकडून बंद करताय.

परीक्षेचं थोडक्यात सांगतो: सीपीसी या कोडरांच्या प्रमाणपत्र परीक्षेला १०० प्रश्न, चार तास, ७० टक्क्यांना पास, कोडची पुस्तकं सोबत नेता येतात. पास झाल्यावरही अनुभव होईपर्यंत नावापुढं शिकाऊ असल्याची खूण राहते.

सोपे चार्ट आता सॉफ्टवेअरही कोड करू लागलंय, हे क्लासवाला सांगणार नाही. पुढं टिकेल तो गुंतागुंतीची फाइल वाचून चूक पकडणारा. ती नजर तिला आत्ता रोज हाताखालून जाणाऱ्या डिस्चार्ज समऱ्यांमधून मिळतेय, पगार घेऊन. त्या सहा महिन्यांत तिनं शरीररचना पुन्हा वाचावी, जागतिक आरोग्य संघटनेची आजारांच्या कोडची आयसीडी-१० यादी इंटरनेटवर फुकट आहे ती रोज थोडी चाळावी. त्यानंतरही हे आवडलं तर जरूर कोर्स करावा, आणि मग पुण्यालाही जाऊ द्यावं.

क्लासकडं एवढंच मागा: मागच्या बॅचमधल्या मुलांचे नंबर. फोन करून विचारा, कुठं लागलात, पगार किती. 'हप्त्यांची सोय' म्हणतात ते पुष्कळदा फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, मुलीच्या नावावर. क्लास सोडला तरी हप्ते चालू राहतात. शनिवारी सवलतीची मुदत संपते असं लिहिलंत. संपू द्या.

लग्नाचं तिच्याशी वेगळं बोला, नोकरीचा विषय त्यात न आणता. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता. मला तिला काही विचारायचंय.