'ध'चा 'मा': वाक्प्रचार ठेवावा, आरोप तपासावा

ठाण्यातल्या पाचपाखाडीत सातवीला मराठी शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे. चाचणीत 'ध चा मा करणे' या वाक्प्रचाराचा अर्थ लिहून वाक्यात उपयोग करायचा होता. बहुतेक मुलांनी एकच वाक्य लिहिलं: 'आनंदीबाईने ध चा मा केला म्हणून नारायणराव पेशव्यांचा खून झाला.' एका पालकांनी 'हा इतिहासच खोटा आहे' म्हणून हरकत घेतली. तेव्हा बाईंचे प्रश्न असे: 'ध चा म' बरोबर की 'ध चा मा'? साध्या लेखनचुकीला हा वाक्प्रचार चालतो का? आणि मुलांच्या त्या वाक्याला गुण द्यायचे की नाही?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. 'मा'च. गोष्टीत नारायणरावांना पकडण्याच्या हुकमातल्या 'धरावे'चं 'मारावे' होतं. नुसता 'म' केला तर 'मरावे' होईल, आणि हुकमाला काही अर्थच उरणार नाही. लिहिताना प्रत्यय जोडावा: 'ध'चा 'मा'. अक्षरांच्या नावांना आपण सामान्यरूप लावत नाही, म्हणून 'धाचा मा' होत नाही, जशी 'काची बाराखडी' होत नाही. यातलं 'धरणे' म्हणजे कैद करणे. आज त्या जागी आपण 'पकडणे', 'अटक करणे' म्हणतो, पण 'धरपकड' या शब्दात तो जुना अर्थ अजून शाबूत आहे. मुलांना हे आवर्जून सांगावं, नाहीतर 'धरावे' म्हणजे हात धरावा असं त्यांना वाटतं.

दुसऱ्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. चुकीला हा वाक्प्रचार वापरू नये. मोबाइलने आपोआप शब्द बदलला, छापताना काना गळला, ऐकणाऱ्याने भलतंच ऐकलं, याला 'ध'चा 'मा' म्हणण्याची पद्धत हल्ली पडली आहे, बातम्यांच्या मथळ्यांतही दिसते. त्याने वाक्प्रचाराची धार जाते. 'पराचा कावळा' किंवा 'राईचा पर्वत' करणारा माणूस फुगवून सांगतो, पण मूळ गोष्ट तीच ठेवतो. 'ध'चा 'मा' करणारा दुसऱ्याच्या शब्दात गुपचूप हात घालतो आणि ते शब्द त्या दुसऱ्याच्याच नावावर पुढे जाऊ देतो. हेतू हवा, लपवाछपवी हवी आणि परिणाम उलटा व्हायला हवा. सोसायटीच्या सभेत 'वाहनतळाच्या प्रस्तावावर विचार करावा' असं ठरलं आणि इतिवृत्तात 'प्रस्ताव मंजूर करावा' असं कोणी मुद्दाम घातलं, तर तो अस्सल 'ध'चा 'मा'. एवढ्या नेमक्या लबाडीला इतका आटोपशीर शब्द मराठीत दुसरा मला तरी सापडत नाही. तो सांभाळून वापरला पाहिजे.

आता आनंदीबाई.

पक्कं काय आहे ते आधी. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला वारले. धाकट्या भावाला, नारायणरावांना, पेशवाई मिळाली. चुलते राघोबादादा, म्हणजे आनंदीबाईंचे पती, पुण्यात पेशव्यांच्या शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ ला, गणपतीच्या दिवसांत, गारद्यांनी, म्हणजे पगारी शिपायांनी, वाड्यात घुसून नारायणरावांना मारलं. ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. सुमेरसिंग, महंमद युसुफ, खरकसिंग हे गारद्यांचे पुढारी, आणि तुळाजी पवार हा वाड्यातलाच माणूस त्यांना सामील. धन्याला वाचवायला आडवा पडलेला चापाजी टिळेकरही तिथेच कापला गेला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोष ठेवला तो राघोबादादांवर.

मग 'ध' आणि 'मा' कुठून आले? साताऱ्याला इंग्रजांतर्फे कारभार पाहिलेल्या ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला. त्यात ही गोष्ट आहे. तो सांगतो की राघोबांनी रामशास्त्र्यांपुढे आपण फक्त धरण्याचा हुकूम दिल्याचं म्हटलं. पुढे मूळ कागद शास्त्रीबुवांच्या हाती लागला तेव्हा 'धरावे'चं 'मारावे' केलेलं दिसलं. आणि हा बदल आनंदीबाईंनी केला असं सगळीकडे मानलं जातं. हे शेवटचे शब्द लक्षात घ्यावेत. खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी लिहिणारा डफसुद्धा आनंदीबाईंच्या बाबतीत 'मानलं जातं' एवढंच म्हणतो. त्यांना हे करताना पाहिलेला साक्षीदार तो पुढे करत नाही. तो मूळ कागद आज कोणी समोर ठेवलेला नाही.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. 'मी धरायला सांगितलं होतं, मारायला नाही' हा बचाव कुणाचा? राघोबादादांचा. म्हणजे या कथेचा पाया आरोपीच्याच जबाबात आहे. कथा खरी धरली की त्यांचा गुन्हा पुतण्याला कैद करण्याइतका हलका होतो, आणि खुनाचं पाप बायकोच्या बोरूवर जातं. रामशास्त्र्यांच्या नि:स्पृहपणाच्या गोष्टी आपण मुलांना अभिमानाने सांगतो, त्यांनी दोषी कुणाला धरलं तेही सांगतो, आणि लगेच पुढच्या वाक्यात तो दोष आनंदीबाईंकडे सरकवतो. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून कोणी पाहतच नाही.

डफ लिहीत होता तेव्हा पेशवाई बुडून आठ वर्षं झाली होती आणि ती ज्याच्या हातून गेली तो दुसरा बाजीराव आनंदीबाईंचा मुलगा. अशा माणसाच्या आईबद्दल लोक त्या दिवसांत बरं बोलत असतील असं मला वाटत नाही. अर्थात याने त्या निर्दोष ठरतात असं नाही. कटाची त्यांना कल्पना होती की नव्हती यावर तर्क करता येतील. पण अक्षर बदलल्याचा जो नेमका आरोप आहे, त्याला लोकसमजापलीकडे आधार दिसत नाही.

आणि एकदा ते अक्षर प्रत्यक्ष लिहून पाहावं. 'ध'च्या डोक्यावर डावीकडे शिरोरेघ तुटलेली, वर गाठ. 'म'ची शिरोरेघ अखंड, गाठ खाली. त्यात काना वाढवायला जागा हवी, म्हणजे पुढचा 'रा' सरकला पाहिजे. हे देवनागरीत झालं. पेशव्यांचा पत्रव्यवहार मोडीत चाले: आधी कागदभर ओळ ओढायची, मग तिला लटकवत, हात शक्यतो न उचलता, शब्दांत जागा न सोडता अक्षरं काढत जायची. तशा सलग मजकुराच्या मधल्याच एका अक्षरात फेरफार केला तर वाचणाऱ्याला तो खटकण्याचीच शक्यता जास्त. खाडाखोड अशक्य होती असं मी म्हणत नाही. पण 'एक रेघ मारली आणि पेशवा गेला' हे चित्र आपल्या छापील बाराखडीवरून डोळ्यांपुढे उभं राहतं.

बाई ठाण्यात शिकवतात, म्हणून मुलांना आणखी एक सांगण्यासारखं आहे. या खुनानंतर बारभाईंनी, म्हणजे एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, राघोबांना कारभारातून दूर केलं, ते इंग्रजांकडे मदत मागायला गेले, आणि मुंबईकर इंग्रजांनी मोबदल्यात साष्टी (मुंबईच्या उत्तरेचं बेट) आणि वसई मागितली. राघोबा ते देईनात. पोर्तुगीज आपला जुना मुलूख परत घ्यायला येणार अशीही हूल उठली. तेव्हा वाटाघाटी चालू असतानाच, डिसेंबर १७७४ च्या अखेरीस, इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. त्यात त्यांच्या आरमाराचा कमोडोर वॉटसन जखमी होऊन मेला. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात राघोबांनी साष्टी-वसई लिहून दिली. सालबाईच्या तहात, १७८२ मध्ये, वसई मराठ्यांकडे परत आली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली, आणि साष्टीत ठाणं आलं. आजचं मध्यवर्ती कारागृह आहे तोच हा किल्ला. म्हणून 'ठाणं १८१८ मध्ये पेशवाईबरोबर इंग्रजांकडे गेलं' हा समजही चूक. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेलं ठाणं, नारायणरावांच्या खुनानंतर सोळा महिन्यांत गेलं, पेशवाईच्या शेवटाच्या कितीतरी आधी. शनिवारवाड्याची गोष्ट इथल्या मुलांना लांबची वाटते. तिचा एक धागा त्यांच्या शाळेपासून थोड्याच अंतरावर आहे.

गुणांचं म्हणाल तर, अर्थ बरोबर लिहिला असेल तर अर्थाचे पूर्ण गुण द्यावेत. वाक्यात उपयोगाचे गुण मी देणार नाही, आणि ते इतिहासामुळे नाही. ते वाक्य म्हणजे वाक्प्रचाराची जन्मकथा झाली, उपयोग झाला नाही. 'पानिपत होणे' विचारल्यावर '१७६१ मध्ये पानिपत झाले' असं लिहावं, तशातलं ते आहे. मुलांकडून दुसरं वाक्य लिहून घ्यावं: 'कारकुनाने अर्जात धचा मा करून भलत्यालाच जागा मिळवून दिली.' जन्मकथा सांगायचीच असेल तर तीही सांगावी, फक्त वाक्य असं करावं: 'आनंदीबाईंनी धचा मा केला अशी आख्यायिका आहे.' हरकत घेणाऱ्या पालकांनाही हे वाक्य दाखवावं.