मराठीत पतित देवदूतांवर डार्क फॅण्टसी कादंबरी लिहायची आहे. वाचकाला परकी वाटेल का, आणि सुरुवात कुठून करू?

परकं वाटेल का, याचं उत्तर आधी देतो, कारण त्यापायी माझं दीड वर्ष गेलंय.

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात कोर्टाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदी, मुदतवाढीचे अर्ज, माफीच्या विनंत्या. रात्री कादंबरी. पहिला खर्डा चारशे पानांचा झाला. काळे पंख, विजा, पडके चर्च, रक्ताचा पाऊस, काही म्हणून सोडलं नव्हतं. गंगावेशीतल्या मित्राला वाचायला दिला. चार दिवसांनी रंकाळ्यावर भेळ खाता खाता तो म्हणाला, "भावा, तुझा देवदूत बोलतोय ते डबिंग केलेल्या पिक्चरगत वाटतंय. आणि शेवटी तो परत वर जाणार हे मला पन्नासाव्या पानावरच कळलं हुतं."

डबिंगचं खरंच होतं. "तू माझ्यापासून पळू शकत नाहीस, मर्त्य मानवा" असली वाक्यं मी शुद्धीत असताना लिहिली होती. ती खोडता येतात. त्याचं दुसरं वाक्य मात्र डोक्यात बसलं. त्याला शेवट आधी कसा कळला?

कळला, कारण आपल्याकडं कुणी वरून खाली पडला की आपण लगेच विचारतो, उःशाप काय? जय-विजय वैकुंठाचे द्वारपाल, सनकादिकांना दारात अडवलं म्हणून पडले. पण पडताना त्यांना निवड मिळाली, भक्त म्हणून सात जन्म की वैरी म्हणून तीन. त्यांनी तीन घेतले. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र, आणि घरी परत. नहुष इंद्रपदावरून पडून अजगर झाला, तोही युधिष्ठिर भेटल्यावर सुटला. 'मेघदूता'तल्या रामगिरीवरच्या यक्षाला तर एकच वर्ष. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर आपल्या पुराणातला शाप ही मुदतीची शिक्षा असते.

पतित देवदूताला मुदत नाही. एवढंच काय ते परकं आहे, आणि तेच जपायला पाहिजे. पंख, तलवारी, लॅटिन मंत्र वाचकानं शंभरदा पाहिलेत. सुटकाच नसलेलं पतन त्यानं मराठीत फारसं पाहिलेलं नाही. मी मात्र सवयीनं माझ्या नायकाला उःशाप देऊन मोकळा झालो होतो.

आता सुरुवात कुठून. मूळ बायबलात या विषयावर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा फार कमी आहे. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात देवपुत्र माणसांच्या मुलींवर भाळले, एवढ्या चार ओळी. यशयाच्या चौदाव्या अध्यायात आकाशातून पडलेला पहाटतारा येतो, पण तिथं खिल्ली चाललीय ती बाबिलोनच्या राजाची. त्या ताऱ्याचं लॅटिन भाषांतर 'लूसिफर' झालं आणि पुढच्या लोकांनी ते सैतानाचं नाव करून टाकलं. यहूदाच्या छोट्या पत्रात अंधारात बेड्या घालून ठेवलेले देवदूत एका वाक्यात येतात. हे सगळं मराठी बायबलात आहे, एका रविवारात वाचून होईल.

खरा माल हनोखाच्या पुस्तकात आहे. हनोख म्हणजे बायबलातला नोहाचा पणजोबा; त्याच्या नावावरचा हा जुना यहुदी ग्रंथ. हे पुस्तक इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चनं आपल्या बायबलात ठेवलं, म्हणून गीझ भाषेत अखंड टिकलं; अरामी भाषेतले त्याचे तुकडे पुढं मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडले. त्यात दोनशे देवदूत हर्मोन पर्वतावर उतरतात. त्यांचा म्होरक्या शेमयाझा आधीच घाबरलेला असतो. 'तुम्ही मागं फिराल आणि पापाचा धनी मी एकटाच होईन,' असं त्याचं म्हणणं. म्हणून मग सगळे मिळून शपथ घेतात. आमच्या दुकानात सामायिक कर्जाच्या कागदावर सह्या करायला चौघं भाऊ येतात, तेव्हा थोरल्याचा चेहरा असाच असतो. खलनायक असा भित्रा, हिशेबी असेल तर मराठी वाचक त्याला लगेच ओळखतो. मग तो कुठल्या धर्मातून आला हे कोण विचारतंय?

त्यांच्यातलाच अझाझेल माणसांना तलवारी, ढाली घडवायला शिकवतो, आणि डोळ्यांत काजळ घालायलाही. शिक्षा म्हणून देवाच्या बाजूचा देवदूत राफाएल त्याला हातपाय बांधून वाळवंटातल्या खड्ड्यात टाकतो, वर धारदार दगड रचतो आणि उजेड दिसू नये म्हणून तोंड झाकतो. बाकीच्यांना टेकड्यांखाली सत्तर पिढ्या गाडलं जातं. सत्तर पिढ्या म्हणजे सुटकेची तारीख असं समजू नका, त्यानंतर आगीचा निवाडा आहे.

उजेडाचं ते वाचलं आणि मला किरणोत्सव आठवला. बाहेरच्यांसाठी सांगतो: नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला मावळतीची किरणं महाद्वारातून थेट अंबाबाईच्या गाभाऱ्यात जातात. आधी चरण, मग कंबर, मग मुख. गरुड मंडपात माणसं श्वास रोखून उभी असतात. ढग आले, धूळ आली की किरणं कमरेपर्यंत येऊन लुप्त होतात, आणि गर्दीतून एक बारीकसा आवाज येतो, ओरडा नव्हे, सुस्कारा. दुसऱ्या खर्ड्यात मी पतन त्या क्रमाच्या उलट लिहिलं. उजेड आधी तोंडावरून जातो, मग छातीवरून, शेवटी पायांवर बोटभर उरतो आणि तो पायाकडं बघत बसतो. विजा नाहीत, किंकाळ्या नाहीत. माझ्या अख्ख्या लिखाणात मला स्वतःला आवडलेलं ते एकच पान आहे. तुम्हीही आपल्या गावातला असा एक क्षण शोधा, तो कुणाच्या पिक्चरमधून उचललेला नसेल.

नरकाचंही तसंच. लाव्हारस आणि शिंगं बाजूला ठेवा. मी आमच्या मामांचं गुऱ्हाळ घेतलं. रात्री काहिलीत रस उकळत असतो, वर आलेली मळी काढून टाकतात, गुळव्या पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी तपासतो. आणि खाली, चुलवाणाच्या तोंडाशी, एक माणूस वाळलेलं चिपाड आत ढकलत बसलेला असतो. त्याला काहील दिसत नाही. वरून "जाळ वाढीव", "जाळ कमी कर" एवढंच ऐकू येतं. गूळ झाला की करपला, हे त्याला सगळ्यांत शेवटी कळतं. माझ्या नरकात पडलेले देवदूत जाळ घालतात. वर काय शिजतंय, कुणासाठी शिजतंय, त्यांना ठाऊक नाही. भुयाराची तीस पानं काढून मी हे सहा पानांचं घातलं.

नावांबद्दल. देवदूत, सैतान हे शब्द वाचकाला सवयीचे आहेत, त्यांना हात लावू नका. 'पतित देवदूत' मात्र पानोपानी आलं की कीर्तन वाटायला लागतं. मी 'पडलेले' म्हणतो. गोव्याकडचा 'देवचार' शब्दही बघा: तिथल्या ख्रिस्ती बोलीत तो सैतान, आणि हिंदू वाड्यांवर गावची शीव राखणारा. एकाच शब्दात राखणदार आणि सैतान, याहून चांगलं नाव पैसे देऊन मिळणार नाही. आणि हा विषय मराठीला झेपेल का अशी शंका असेल तर फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' चाळा. उत्पत्तीपासूनची बायबलची कथा त्या इंग्रज जेझुइटानं गोव्यात राहून मराठी ओवीत सांगितली, 1616 साली. चारशे वर्षांपूर्वी झेपलं होतं.

एक खबरदारी. इब्लिसला, म्हणजे इस्लाममधल्या सैतानाला, देवदूत म्हणून घालणार असाल तर थांबा. कुराणात तो जिन्नांपैकी आहे, आगीपासून झालेला, आणि आदमपुढं झुकायला नकार देणारा. हनोखाच्या गोष्टीत त्याला कोंबलं तर माझ्या शेजारचे चाचा पहिल्या पानावरच चूक दाखवतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

पुण्याच्या एका प्रकाशकानं पहिला खर्डा परत पाठवताना "असले विषय चालत नाहीत" असं कळवलं होतं. मी महिनाभर विषयाला दोष देत बसलो. आता वाटतं, त्यानं चौथ्या पानापर्यंत वाचलं हेच पुष्कळ.

आता माझ्या दुसऱ्या खर्ड्याचा नायक कोण ते सांगतो. हनोखाच्या पुस्तकात शिक्षा ठरल्यावर ते पडलेले हनोखाकडं येतात. शरमेनं त्यांना वर मान करता येत नाही, देवाशी बोलता येत नाही, म्हणून ते म्हणतात, आमच्यासाठी माफीचा अर्ज लिहून दे. देवदूतांनी माणसाकडं अर्ज लिहायला यायचं! हनोख एकेकाची बाजू लिहून घेतो, दान नावाच्या ठिकाणी पाण्याकाठी बसून तो अर्ज वाचतो, वाचता वाचता त्याला झोप लागते आणि स्वप्नात उत्तर मिळतं: नामंजूर. ते उत्तर त्याला परत जाऊन त्यांना तोंडावर सांगावं लागतं. ते सगळे एकत्र बसून तोंडं झाकून रडत असतात.

हे मी दुकानात वाचलं, दुपारी, लाइट गेलेली असताना. बाहेर बाकावर एक बाई मुलाच्या जामिनाचे कागद मांडीवर घेऊन बसली होती. तिला आत बोलवायला मी जरा उशीर केला.

त्या अर्जाची हनोखानं फी काय घेतली, हे पुस्तकात दिलेलं नाही. माझं दुसरं प्रकरण तिथून सुरू होतं.