बेसबॉलमधला रिलीफ पिचर (सामन्यात मधेच येऊन बॉल टाकणारा) वारंवार संघ बदलतो, म्हणजे तो कुणालाच नको असतो का?

नाही. जो कुणालाच नको असतो, त्याला दहा-बारा संघ मिळतच नाहीत. तो दोन-तीन ठिकाणी खेळून मायनर लीगमध्ये (खालच्या स्तरावर) जातो आणि तिथून घरी.

माझ्या डोळ्यांसमोर ऑक्टाव्हिओ डोटेल आहे. सांतो डोमिंगोचा, उजव्या हाताचा. (एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या जेट सेट क्लबचं छत कोसळून जे गेले, त्यांत तोही होता.) १९९९ ते २०१३ या काळात तो मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये) १३ संघांकडून खेळला. २०१२ मध्ये डेट्रॉइटकडून उतरला तेव्हा सर्वांत जास्त संघांकडून खेळण्याचा विक्रमच झाला. आता १३ संघ म्हणजे १२ बदल. त्यातले सहा ट्रेड (संघांमधली खेळाडूंची अदलाबदल) होते आणि सहा वेळा करार संपल्यावर दुसऱ्या संघाने त्याला घेतलं. म्हणजे १२ वेळा कुणीतरी त्याच्यासाठी पैसे किंवा खेळाडू मोजले.

रिलीफ पिचर म्हणजे आपल्याकडचा डेथ ओव्हर्सचा बॉलर समजा. आघाडी असेल, तर शेवटची एखादी इनिंग (समोरच्या संघाचे तीन आउट) टाकून ती राखायची. पण राखायला आघाडी तर हवी! २०१० मध्ये डोटेल पिट्सबर्गचा क्लोजर (आघाडी राखायला अगदी शेवटी येणारा पिचर) होता आणि तो संघ त्या वर्षी १६२ पैकी १०५ सामने हरला. अशा संघाला चांगला क्लोजर म्हणजे चैनच. ३१ जुलैला, ट्रेडच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी त्याला लॉस एंजेलिसला देऊन दोन तरुण खेळाडू घेतले. सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसनेही त्याला कोलोरॅडोला दिलं. एका हंगामात तीन जर्सी.

पुढच्या वर्षी टोरांटो, आणि जुलैत तिथून सेंट लुईस. ऑक्टोबरमध्ये सेंट लुईसने वर्ल्ड सिरीज (लीगचं अजिंक्यपद) जिंकली, तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. गंमत म्हणजे त्याच ट्रेडमध्ये पिचर एडविन जॅक्सनही सेंट लुईसला आला. त्यानेच २०१९ मध्ये १४ वा संघ गाठून डोटेलचा विक्रम मोडला.

आणि पिचर म्हणून तो खरंच जबरदस्त होता. ९५१ इनिंग्जमध्ये १,१४३ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक टाकून बॅटरला चीत करणं), म्हणजे इनिंगमागे एकाहून जास्त. तेही २००५ मध्ये कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया होऊन. जून २००३ मध्ये ह्यूस्टनच्या सहा पिचर्सनी मिळून यांकी स्टेडियमवर नो-हिटर टाकला (समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिला नाही), त्यात आठवी इनिंग याची होती. तिच्यात त्याने चार स्ट्राइकआउट घेतले. तीन आउटच्या इनिंगमध्ये चार कसे? तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला तर बॅटर पहिल्या बेसवर पळू शकतो. तो तिथे पोचला तर स्ट्राइकआउट नोंदला जातो, आउट मात्र मिळत नाही.

राहिला प्रश्न त्याच्या मर्जीचा. ट्रेड करताना खेळाडूला सहसा विचारत नाहीत. नकाराचा हक्क हवा असेल तर करारात तसं लिहून घ्यावं लागतं, आणि ते मोठ्या स्टारलाच जमतं. नाहीतर मेजर लीगमध्ये दहा वर्षं, त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढावी लागतात. डोटेल सर्वांत जास्त टिकला तो ह्यूस्टनमध्ये. २००० च्या हंगामापासून. जून २००४ मध्ये बॅटर कार्लोस बेल्ट्रान मिळतोय म्हटल्यावर त्यांनी याला ओकलंडला देऊन टाकलं.