‘मी मुळात कसा आहे’ हेच विसरलोय, काय करू?

तुम्ही लिहिलंय, बेळगावात ऑफिसला कन्नड, घरी मराठी, साहेबांपुढे इंग्रजी. यातला खरा मी कोणता? तिन्ही तुम्हीच. खडेबाजारातला दुकानदार दिवसभर हेच करतो, त्याची काही झोप उडत नाही.

गोची दुसरीकडेच आहे. आपल्याला काय हवंय ते कळायच्या आत तोंडातून ‘हो’ निघतं. ब्रिटिश मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९६० मध्ये खोट्या ‘स्व’ची मांडणी केली ती याबद्दलच. लहानपणी दुसऱ्यांच्या मर्जीनं वागता वागता हे कवच तयार होतं. थोडं सगळ्यांनाच लागतं, त्यामुळे ते फोडायला जाऊ नका. (चार दिवसांच्या शिबिरात ‘खरा मी’ सापडतो यावर माझा तरी विश्वास नाही.)

सुरुवात बारक्या गोष्टींत करा. पाहुणे ‘रविवारी खानापूरला येतासा न्हवं?’ म्हणाले की ‘सांजच्याला सांगतो’ म्हणा, आणि तेवढ्या वेळात छाती आवळते की हलकी होते ते बघा. एखाद्या सकाळी येळ्ळूरच्या राजहंसगडावर जा, स्टेटसला फोटो न टाकता.

दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर मात्र हा शोध बाजूला ठेवा आणि १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. फुकट आहे, मराठीतही बोलतात.