घोडे घेऊन रॉकीजमध्ये मुक्काम: आधी रात्रीच्या दावणीचं बघा

डॅलसहून दोन घोडे ट्रेलरमध्ये घालून जुलैत कोलोरॅडोच्या नॅशनल फॉरेस्टमध्ये पहिल्यांदाच मुक्कामाला जाताय आणि सामान काय न्यावं, असं तुम्ही विचारलंय. सामानाचं नंतर बघू. तुमचे घोडे रात्रभर दोरीला शांत उभे राहतात का?

काही कॅम्पग्राउंडवर घोड्यांसाठी कुंपणाची जागा असते, पुष्कळ ठिकाणी नसते. आणि साध्या कॅम्पग्राउंडवर घोडे चालतीलच असं नाही, म्हणून रेंजर ऑफिसला फोन करून हे दोन्ही आधीच विचारा. कुंपण नसेल तर हायलाइन बांधावी लागते. आपली दावण जमिनीलगत असते, ही घोड्याच्या डोक्यावर, साधारण सात फुटांवर, दोन जाड झाडांमध्ये ताणून. दोरी थेट बुंध्याला कधीच बांधू नका. मध्ये किमान दोन इंच रुंद पट्टा हवा. अ‍ॅस्पेनची साल पातळ असते, ते झाड सोडाच. ओढ्यापासून निदान 200 फूट लांब राहा. दोन घोड्यांमध्ये एवढं अंतर ठेवा की लाथ पोचणार नाही.

मोहरकीच्या दोरीची लांबी मात्र मोजूनच ठेवा. तोंड जमिनीला टेकावं, त्याहून जास्त ढील नको. पहिल्या वर्षी घोडीला नीट बसता यावं म्हणून मी दोरी हातभर जास्त सोडली. पहाटे तीनला उठून पाहतो तर तिचा पुढचा पाय दोरीपलीकडे अडकलेला आणि ती घामाघूम होऊन थरथरत उभी. गाठ एका झटक्यात सुटणारी होती म्हणून पाय वाचला. तेव्हापासून रात्री चाकू उशाशी असतो. तुम्ही निघण्याआधी घरच्या आवारात तीन-चार रात्री हा सराव कराच.

वैरण इथे प्रमाणित, तणबीजमुक्तच लागते, कारण बी घोड्याच्या पोटातून न पचता लिदीबरोबर बाहेर पडतं आणि डोंगरात नसलेलं तण तिथे उगवतं. तीच वैरण आठवडाभर आधीपासून जुन्यात मिसळत जा आणि शेवटचे तीन-चार दिवस फक्त तीच द्या. एकदम बदललीत तर पोटशूळ उठू शकतो, आणि तिथे डॉक्टर यायला तासन्‌तास लागतात. एका घोड्याला दिवसाला 8-9 किलो वैरण आणि 20 ते 40 लिटर पाणी धरा. नव्या वासाचं पाणी काही घोडे तोंडातही घेत नाहीत, म्हणून पहिल्या दिवसापुरतं घरचं पाणी न्या. डॅलस अगदी सखल. तिथून थेट आठ-नऊ हजार फुटांवर आलात की पहिला दिवस नुसता हाताने फिरवा, खोगीर घालू नका.

कागदांत 12 महिन्यांच्या आतली कॉगिन्स चाचणी (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची रक्ततपासणी) आणि 30 दिवसांच्या आतला पशुवैद्याचा दाखला हवाच. चंदी गाडीत कुलपात ठेवा, काळ्या अस्वलांना तिचा वास लगेच लागतो. दुपारी विजा कडाडतात, म्हणून उघड्या माथ्यावरून बारापूर्वी खाली या. निघताना लीद कॅम्पग्राउंडच्या नियमाप्रमाणे उचला, टापांनी उकरलेले खड्डे बुजवा.

पहिल्या रात्री लवकर तंबूत शिरू नका. खुर्ची टाकून घोड्यांजवळ बसा. घोडा मान खाली सोडून, मागचा एक पाय सैल टेकवून उभा राहिला की समजा तो स्थिरावला. दोघंही तसे दिसले की मग तुम्ही झोपा.