‘घरी सांगू नको’ असं कोणी म्हटलं की

ताई, तुमची मुलगी नववीत आहे. धरमपेठेतल्या ट्यूशनमधला पंचविशीचा ‘दादा’ तिला रिचार्ज मारून देतो, रात्री चॅट करतो. ओरडावं की गप्प राहावं, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नको. आधी शब्द द्या: “काहीही सांगितलंस तरी मोबाइल काढून घेणार नाही, ट्यूशन बंद करणार नाही.” मुलं बहुतेक याच भीतीने गप्प बसतात, आणि त्या माणसाला ते पक्कं ठाऊक असतं. स्कूटीवर ती मागे बसलेली असताना हा विषय काढा. नजरेला नजर नसली की या वयात बोलणं सोपं जातं.

अशी माणसं घाई करत नाहीत. आधी कौतुक, मग रिचार्ज, कानातले, फुटाळा तलावापर्यंत एक चक्कर. मग “तुझ्या आईला तू कळतच नाहीस.” पुढे इन्स्टावरचं बोलणं आपोआप पुसल्या जाणाऱ्या मेसेजवर न्यायचं. मग एखादा घाणेरडा जोक टाकून बघायचा. मुलगी गप्प बसली की फोटो मागायचा, आणि फोटो गेला की धमकी. म्हणून वाईट माणूस कसा दिसतो हे शिकवून उपयोग नाही, तो गोडच वागतो. मागणी ओळखायला शिकवा: गुपित ठेव, एकटी ये, चॅट डिलीट कर, फोटो पाठव. यातलं एक जरी आलं, तरी उत्तर न देता तुम्हाला दाखवायचं.

संमतीची सवय घरातच लागते. मामाला मिठी मारायची नसेल तर नमस्कार पुरे. “त्याला वाईट वाटेल” म्हणून ढकलू नका. मुलग्यांनाही स्पष्ट सांगायला हवं, ते फार कमी घरांत होतं: गप्प राहणं म्हणजे हो नव्हे, मागे लागून मिळवलेला होकार हा होकार नव्हे, आणि कालचा होकार आजला लागू नाही. शिवाय मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात १८ वर्षांखालच्यांची संमती ग्राह्य नाही, “तीच हो म्हणाली” हा बचाव चालत नाही.

फोटो गेलाच असेल तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका. ब्लॉक करण्याआधी युजरनेम, प्रोफाइलची लिंक, नंबर आणि तारीख-वेळ दिसेल असे चॅटचे स्क्रीनशॉट घ्या. तो फोटो मात्र ‘पुरावा’ म्हणून नातेवाइकांना पाठवू नका. अल्पवयीन मुलांचा असा फोटो पुढे पाठवणं हाही गुन्हाच. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, ती मोफत आहे, चोवीस तास चालते. मुलीला पोलीस ठाण्यात बसवून ठेवतील ही धास्ती नको: कायद्यानुसार जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो.

आणि भाऊ किंवा बाबा चिडून त्याला जाब विचारायला गेले, तर तो त्याच संध्याकाळी फोनमधलं सगळं पुसून टाकेल. त्यांना आधी थांबवा.